वडिलांच्या वयाला पोचताना

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार डॉक्टर,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. वय ४१. घरी आई, बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. ते तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. बाहेर ‘अटॅक आला’ असं सांगितलं गेलं. लग्न ठरताना बायकोच्या माहेरीही तेच सांगितलं आणि ते तसंच राहिलं. वडील स्वभावाने कसे, तर कधी पंधरा-पंधरा दिवस रात्री झोपायचे नाहीत. एकदा मध्यरात्री कंदील लावून बागायतीचा गडगा बांधायला घेतला, कर्ज काढून नको ती यंत्रं आणली. मग पावसाळ्यात दोन-दोन महिने अंथरुणातून उठायचे नाहीत. २०१३ साली धाकटे काकाही तसेच गेले. खाणी बंद पडल्या होत्या, खनिज वाहणारा टिपर दारात उभा, बँकेचे हप्ते थकलेले. काकांच्या तेराव्याला पाठीमागे एकजण बोलला ते मी ऐकलं, ‘तांच्या रगतांतूच आसा तें.’ ते वाक्य डोक्यातून जात नाही.

येत्या मे महिन्यात मी बेचाळीसचा होईन. गेले दोन-तीन महिने पहाटे तीनला जाग येते ती येते. जेवणावर वासना नाही. संध्याकाळी दोन पेग घेतल्याशिवाय घरी यावंसं वाटत नाही. मुलगाही रागीट आहे. मोबाईल काढून घेतला की दार आपटून कोंडून घेतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो. हे रक्तात असतं का? त्याची तपासणी होते का? मुलाला खरं सांगायचं का? काकांच्या मुलीची सोयरीक जमते आहे, तिकडे सांगायचं का? आई म्हणते, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करूया. करावा का?

— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

रक्ताचं नंतर बघू. आधी तुमची झोप.

पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही, संध्याकाळी दारूचा आधार, आणि हे सगळं दोन-तीन महिने सलग. वडिलांची हकिगत तुम्ही लिहिलीच नसती, तरी एवढ्यावरून मी तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. रोजच्या वेळेच्या तास-दोन तास आधी जाग येणं आणि परत डोळा न लागणं हे नैराश्याच्या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये. पण या आठवड्यातच दाखवा. शिगमा होऊ दे, मुलाची परीक्षा संपू दे, असं करत बसू नका.

आणि एक सरळ विचारते, रागावू नका. मरून गेलेलं बरं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं मनात येतं का? असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी भीती आपल्याकडे फार आहे. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हाच अनुभव आहे. तुमचं उत्तर ‘हो’ असेल, तर आज रात्रीच बायकोला किंवा जवळच्या मित्राला सांगा आणि एकटे राहू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार नुसता येऊन जात नसेल, डोक्यात ठाण मांडून बसला असेल, तर १०८ ला फोन करा किंवा घरच्यांना बरोबर घेऊन थेट बांबोळीचं मनोविकार इस्पितळ गाठा. बागायतीला आणलेली औषधं घरात असतील तर ती शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. अशा विचारांचा जोर बहुतेक वेळा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ हाताशी घातक काही नव्हतं, म्हणून वाचलेली आणि पुढे धडधाकट जगलेली माणसं पुष्कळ आहेत.

बांबोळीचं नाव घेतलं की आपल्याकडे माणसं एकतर हसतात, नाहीतर गप्प होतात. तिथली मनोविकार संस्था पूर्वी पणजीत आल्तिनोवर होती, अबे फारियाच्या नावाने. कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास केला. जुन्या सचिवालयाशेजारच्या त्याच्या पुतळ्यापाशी उभं राहून आपण पाहुण्यांना कौतुकाने गोष्ट सांगतो, आणि मनाच्या इस्पितळाची पायरी चढताना मात्र ओळखीचं कुणी बघेल का म्हणून मागे वळून पाहतो. बघेना का. तिथल्या बाकावर जो तुम्हाला दिसेल, तोही तुमच्यासारखाच दाखवायला आलेला असेल. बांबोळी लांब वाटत असेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातही मनोविकारतज्ज्ञ भेटतात.

आता रक्ताचं.

तेराव्याला बोललेला तो माणूस अगदीच चूक नव्हता, म्हणूनच त्याचं वाक्य इतकी वर्षं टोचतं आहे. आत्महत्येकडे झुकण्याचा कल काही घराण्यांत जास्त दिसतो, आणि तो केवळ एका छपराखाली राहिल्यामुळे येतो असं नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी फार नीट ठेवलेल्या आहेत. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या अशा ५७ दत्तक व्यक्ती घेतल्या, ज्यांचा पुढे आत्महत्येने मृत्यू झाला होता. त्यांच्या जन्मदात्या घराण्यांतल्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जणही तसेच गेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर दत्तकांच्या तेवढ्याच रक्ताच्या नातेवाइकांत हा आकडा २ होता. आणि ज्या घरांनी त्या ५७ जणांना वाढवलं, तिथे एकही नाही. ज्यांच्या घरात वाढलेच नाहीत, त्या नातेवाइकांशी धागा जुळला. तेव्हा ‘रक्ताबिक्ताचं काही नसतं हो’ अशी तुमची समजूत मी घालणार नाही.

पण तोच आकडा उलट्या बाजूनेही वाचा. २६९ पैकी २५७ जण तसे गेले नाहीत. जुळ्यांचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. अलेक रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली जुळ्यांच्या अशा जोड्या तपासल्या, ज्यांत निदान एकजण आत्महत्येने गेला होता. भिन्न जुळ्यांच्या ११४ जोड्यांपैकी २ जोड्यांत दोघेही तसे गेले होते. एकसारख्या जुळ्यांच्या ६२ जोड्यांपैकी ७ जोड्यांत. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, आणि त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त निघालं. हा झाला जनुकांचा हात. आता उरलेल्या ५५ जोड्या पाहा. तेच रक्त, तोच जन्मदिवस, आणि दुसरा भाऊ किंवा बहीण त्या वाटेला गेली नाही. तुमच्यात आणि वडिलांत तर निम्मीच जनुकं सामाईक. तुमच्या मुलात आणि त्याच्या आजोबांत साधारण पाव.

‘आत्महत्या ३० ते ५५ टक्के आनुवंशिक’ असं कुठेतरी वाचलं असेल, तर तो आकडा खरा आहे पण तुमच्याबद्दलचा नाही. तुम्हाला तेवढे टक्के धोका आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. हजारो-लाखो माणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एका माणसाचं पुढे काय होईल हे त्यातून निघत नाही. अशा आकड्यांच्या मथळ्यांनी किती घरांची झोप उडवली असेल, कुणास ठाऊक.

मग बापाकडून मुलाकडे येतं तरी काय? आत्महत्येचं असं एक जनुक नाही. येतात त्या दुसऱ्याच गोष्टी. नैराश्य किंवा बायपोलरसारख्या (कधी अतिउत्साहाचा भर, कधी खोल उदासी) आजारांची शक्यता येते. भरात आल्यावर मागचापुढचा विचार न करण्याचा स्वभाव येतो. दारूची ओढ येते. ताण आला की शरीर किती पेटून उठतं आणि शांत व्हायला किती वेळ घेतं, हेही काही अंशी जन्मतः ठरलेलं असतं. आणि आजार असणं ही एक गोष्ट, त्या आजारात जीव जाणं ही दुसरी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या समाजातल्या १८८० ते १९८० या शंभर वर्षांच्या नोंदी संशोधकांनी धुंडाळल्या. २६ आत्महत्या सापडल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश चारच घराण्यांत. पण मनःस्थितीचे आजार तितकेच दाट असलेली दुसरीही घराणी त्या समाजात होती, आणि तिथे एकही आत्महत्या नव्हती.

न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन मान यांनी १९९९ साली याची जी मांडणी केली, ती आज जगभर वापरली जाते. मुळात असलेला कल आणि वरून आलेला घाव, दोन्ही एका वेळी गाठ पडले तरच धोका चढतो. तुमच्या पत्रात मला एक गंमत दिसली, गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी. तुम्ही नकळत वाटणी करून टाकली आहे: वडील गेले ते रक्तामुळे, काका गेले ते खाणीमुळे. खरं तर दोघांच्याही वाट्याला दोन्ही होतं. २०१२ नंतर डिचोली-सत्तरीत दारोदार टिपर उभे होते, हप्ते सगळ्यांचेच थकले होते, आणि त्यांतली बहुतेक घरं रडतखडत का होईना, निभावली. तेव्हा काकांच्या बाबतीत नुसतं खाणीकडे बोट दाखवून भागत नाही. आणि खाणी चालू असत्या, बँकेचा तगादा नसता, कुणीतरी वेळेवर त्यांना डॉक्टरांकडे नेलं असतं, तर ते आज नातवंडं खेळवत असते, हेही तितकंच शक्य आहे.

रक्त न बदलता काय काय बदलू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होतं. सरकारने अतिविषारी शेतीरसायनांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. लोक तेच, जनुकं तीच. औषधं कुलपात ठेवा असं वर म्हटलं, ते यासाठी.

आणखी एक अभ्यास तुम्हाला लागू पडतो, म्हणून टाळत नाही. स्वीडनमधल्या नोंदींवरून २०१० साली असं दिसलं की, अठरा वर्षांच्या आत ज्यांनी आई किंवा वडील आत्महत्येत गमावले, त्यांच्यात पुढे तसाच धोका इतरांच्या तिप्पट होता. ऐकून छातीत धस्स होईल, पण मूळ आकडा फार लहान आहे, त्याची ही तिप्पट. त्यातली बहुतांश मुलं मोठी झाली, संसाराला लागली, तुमच्यासारखीच. महत्त्वाचं पुढे आहे. अठरा ते पंचवीस या वयात ज्यांनी तसंच माणूस गमावलं, त्यांच्यात हा जादा धोका दिसला नाही. आता विचार करा. पालकाकडून आलेली जनुकं तर दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे तेव्हा मूल किती लहान होतं, नंतर त्याला कुणी जवळ घेतलं का, त्याच्याशी कुणी बोललं का, याचा भार मोठा आहे. माँट्रियलच्या संशोधकांनी २००९ साली याचं शरीरातलं टोक दाखवलं. लहानपणी छळ सोसलेल्या आणि पुढे आत्महत्येने गेलेल्या माणसांच्या मेंदूत ताणाच्या संप्रेरकाशी निगडित एका जनुकावर काही रासायनिक खुणा सापडल्या. तसं बालपण न भोगलेल्यांत त्या नव्हत्या. जन्माने मिळालेल्या जनुकांवरही नंतरचं आयुष्य आपल्या खुणा करत असतं.

तुम्ही चौदा वर्षांचे होता. वडील गेले आणि त्याच आठवड्यात तुम्हाला खोटं बोलायला शिकवलं. मी तुमच्या आईला दोष देत नाही. त्या काळी पोलीस, कोर्ट, लोकांची तोंडं, सगळ्यांचीच धास्ती होती. आज कायद्याचीही नजर बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मुळात धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी मानली जाते.

तपासणीचं थोडक्यात सांगते: नाही. रक्ताची, थुंकीची, जनुकांची, कुठलीच चाचणी हे सांगत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या ४३ हजारांहून जास्त लोकांची जनुकं तपासली. बारा ठिकाणी धागे सापडले, आणि प्रत्येकाचा परिणाम इतका बारीक की त्यावरून एका माणसाबद्दल काही म्हणणं अशक्य. उद्या एखादी लॅब असलं पॅकेज घेऊन आलीच, तर ते पैसे मुलाच्या सायकलला वापरा.

मात्र तुमच्याकडे एक माहिती आहे, जी कुठल्याही लॅबपेक्षा मोलाची आहे, आणि ती तुम्ही आजवर कुणाला दिलेली नाही. पंधरा दिवस न झोपणं, मध्यरात्री गडगा बांधणं, कर्ज काढून यंत्रं आणणं आणि मग दोन महिने अंथरूण. वडिलांना मी पाहिलेलं नाही. पण हे ऐकल्यावर कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाच्या मनात बायपोलर आजाराची शंका येईल. याचा तुमच्याशी संबंध काय? तुम्ही ‘झोप येत नाही, उदास वाटतं’ एवढंच सांगितलंत, तर डॉक्टर नैराश्याची नेहमीची गोळी लिहून देतील. घरात बायपोलर असेल तर ती गोळी एकटी दिल्याने काही रुग्ण उलट्या टोकाला, त्या न झोपणाऱ्या भरात जाऊ शकतात. हे ठाऊक असलं की डॉक्टर तुम्हालाही कधी तसा भर आला होता का ते विचारतील, औषध वेगळं निवडतील, लवकर परत बोलावतील. गरज पडली तर लिथियमसारखं औषध आहे. ते जुनं आहे, स्वस्त आहे, मनःस्थितीच्या आजारांत आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांच्या मागे आहे. त्याच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं, एवढंच. बापाला साखरेचा आजार होता हे आपण डॉक्टरांनी न विचारताच सांगतो आणि घरी येऊन चहातली साखर कमी करतो. हेही तितक्याच सरळपणे सांगा. वडिलांचं आणि काकांचं, दोघांचंही.

औषध लागेलच असं नाही, हेही लिहून ठेवते, कारण तुम्हाला गोळ्यांची धास्ती असणार. आपल्याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने एक प्रयोग केला. तीव्र नैराश्य असलेल्यांशी बोलायला डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं ठेवली. सहा ते आठ भेटी, आपल्या भाषेत. आज काय काय टाळलं, कशाने बरं वाटलं, उद्या काय करायचं, असं अगदी जमिनीवरचं बोलणं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या भेटी घेतलेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के. मरणाचे विचारही त्यांच्यात कमी झाले होते. नैराश्याला काही उपाय नसतो, असं म्हणणाऱ्या काकामामांना हे ऐकवा.

दारूबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी मी बोलणार. कल, घाव आणि पेला, या तिघांत तुमच्या हातात आज संध्याकाळी येण्यासारखा पेला आहे. दोन पेगने झोप लागते, पण पहाटेची जाग त्यानेच पक्की होते. शिवाय भरात येऊन काही करून बसण्यापासून आपल्याला जे थांबवतं, ते दारू पहिलं सैल करते. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस तोंडावर आहेत, मित्र आग्रह करणार, ‘घरचाच आसा’ म्हणणार. या मोसमात नाही म्हणा. रोजची सवय असेल आणि बंद केल्यावर हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर हट्टाने एकट्याने रेटू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि तो मे महिना. आई किंवा वडील ज्या वयात गेले त्या वयाजवळ आलं की आतून हलणारी माणसं खूप असतात. वडील हृदयविकाराने गेलेले असले तरी असं होतं. त्या वयाला शरीरात काही ठरलेलं घडत नाही. आपणच वर्षानुवर्षं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेलो असतो. वाढदिवसाच्या आठवड्यातलीच डॉक्टरांची फेरतपासणी आत्ता घेऊन ठेवा. त्या दिवशी घरात माणसं असू द्या. सुट्टी काढून एकटे बागायतीत जाऊ नका, कामावर जा.

बायकोला आधी सांगा, मुलाला नंतर. माझा अंदाज सांगू का? तिला माहीत आहे. इतकी वर्षं त्या गावात नांदून, पाण्याला, बाजाराला, पालखीला जाऊन तिच्या कानावर काहीच आलं नसेल, हे मला पटत नाही. तुम्ही सांगाल म्हणून ती थांबली असेल. कदाचित रागावेल, लग्नाआधी का नाही सांगितलं म्हणून. तो राग रास्त आहे, ऐकून घ्या. पण पहाटे तीनला शेजारी जागं होणारं तेच एक माणूस आहे. तिला ठाऊक असलंच पाहिजे.

मुलाला तुम्ही दोघांनी मिळून सांगा, या महिन्यात नको, तुमची झोप थोडी ताळ्यावर आली की. तेराव्या वर्षी त्याला कळेल इतकं कळतं. नाहीतर तो क्रिकेटच्या मैदानावर भांडणात कुणाच्या तरी तोंडून ऐकेल. लांबण लावू नका. ‘आजोबांना मनाचा आजार होता. तेव्हा कुणाला तो ओळखता आला नाही, औषधपाणी झालं नाही, आणि त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. कुणाच्या वागण्यामुळे नाही. मला हे बोलायला जड जात होतं म्हणून इतके दिवस बोललो नाही.’ एवढं पुरे. कसं, कुठे, काय वापरून, हे त्याला सांगायचं नाही, त्याने विचारलं तरी नाही. एक मात्र नक्की जोडा: ‘तुला कधी फार वाईट वाटलं, मरावंसं वाटलं, तर मला सांग, मी ओरडणार नाही.’ तो कदाचित ‘बरं’ म्हणून मोबाईल उचलेल. उचलू दे. चार महिन्यांनी गाडीत बसल्यावर अचानक प्रश्न येईल.

त्याच्या दार आपटण्याचं मनावर घेऊ नका. मोबाईल काढून घेतल्यावर दार न आपटणारा तेरा वर्षांचा मुलगा मला दाखवा. खेळ सुटला, मित्र तुटले, झोप-जेवण बिघडलं, अंगावर जखमा दिसल्या, मरणाची भाषा आली, तर लगेच दाखवा. नुसता राग आला म्हणून त्याच्यात आजोबा शोधू नका. मुलांना ते बरोबर कळतं, आणि फार जड होतं.

चुलत बहिणीच्या सोयरिकीचा निर्णय तुमचा नाही, तिचा आहे. वडील तिचे होते. पहिल्या भेटीत पत्रिकेबरोबर ही हकिगत पाठवायची काही गरज नाही. मन जुळतंय असं दिसलं की तिने स्वतः मुलाला सांगावं, साखरपुड्याच्या आधी. तेवढ्यावरून जे घर मागे फिरेल, तिथे पुढे कुठल्या आजारपणात तिला आधार मिळाला असता, हे मला सांगा.

राहिला नारायण नागबळी. आईच्या मनावर सत्तावीस वर्षांचं ओझं आहे, आणि ते उतरवायला तिला दुसरी जागा मिळालेली नाही. विधीने तुमचा आजार जाणार नाही, पण तिला रात्री शांत झोप लागत असेल तर मी कोण नाही म्हणणार? दोन गोष्टी तेवढ्या बघा. तिकडे कुणी ‘घराण्याला शाप आहे’ असं काही सांगू लागलं, तर मुलाला तिथून बाहेर घेऊन या. आणि तीन दिवस तिकडे राहावं लागणार, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या सोबत न्या, उपासाच्या दिवशीही घ्यायच्या का ते आधी विचारून ठेवा. म्हणजे नाशिकची तिकिटं काढण्याआधी बांबोळीचा केसपेपर काढायचा.